निलंबनाचे विरलीकरण

द्रवात न विरघळणाऱ्या घन पदार्थाचे सूक्ष्म कण त्या द्रवात विखुरलेल्या स्थितीत असल्यास त्या मिश्रणास निलंबन म्हणतात. अशा निलंबनात आणखी द्रव मिसळून त्याची संहती (ठराविक घनफळातील कणांचे वस्तुमान किंवा त्यांची संख्या) हव्या त्या मूल्यापर्यंत कमी करणे म्हणजे त्याचे विरलीकरण होय. गढूळ पाणी, चुन्याचे दुधाळ पाणी, पाण्यात कालविलेली गंधकाची भुकटी, कवकांच्या बीजाणूंचे पाण्यातील मिश्रण ही निलंबनाची परिचित उदाहरणे आहेत. मिठासारखा पदार्थ पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे आयन सर्वत्र सारख्या प्रमाणात पसरतात व तसेच राहतात. अशा मिश्रणास विद्राव म्हणतात. निलंबनातील कण मात्र सामान्यतः १ मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) मोठे असतात आणि ते स्थिर ठेवल्यास कमीअधिक वेगाने तळाशी बसतात. विरलीकरणाचे गणित विद्राव व निलंबन यांच्या बाबतीत एकच आहे. परंतु विद्रावाच्या बाबतीत आपोआप पुरी होणारी एक अट निलंबनाच्या बाबतीत प्रयत्नपूर्वक पुरी करावी लागते. निलंबनाचा जो भाग विरलीकरणासाठी घेतला जातो, तो संपूर्ण निलंबनाचा खरा नमुना असला पाहिजे, ही ती अट होय.

प्रयोगशाळा, औषधनिर्मिती, पाणीपुरवठा व मृदापरीक्षण या क्षेत्रांत हे गणित नेहमी लागते; पण त्याचा सर्वांत व्यापक उपयोग शेतातील फवारणीत होतो. परभणी जिल्हा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील येथील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, मूग व उडीद ही पिके घेतात आणि त्यांवरील किडी व रोग यांसाठी वापरली जाणारी पुष्कळशी द्रव्ये निलंबनाच्या रूपातच फवारली जातात. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ). या विद्यापीठात पीकसंरक्षणाचे संशोधन चालते, तसेच जैव द्रव्ये तयार करून शेतकऱ्यांना पुरविली जातात. उपयुक्त कवके व जंतू यांचे ‘बायोमिक्स’ हे मिश्रण त्यांपैकी एक होय. अशा द्रव्यांच्या बाबतीत संहतीचा हिशेब चुकला, तर त्याचे परिणाम पीक, खर्च आणि फवारणी करणाऱ्याचे आरोग्य या तिन्हींवर होतात.

तत्त्व : निलंबनात पाणी मिसळल्याने त्याचे घनफळ वाढते, परंतु त्यातील कणांची संख्या बदलत नाही. संहती व घनफळ यांचा गुणाकार म्हणजे कणांची एकूण राशी असल्यामुळे विरलीकरणापूर्वीचा व नंतरचा गुणाकार सारखाच असतो. मूळ निलंबनाची संहती सं१, त्यातून घेतलेले घनफळ घ१, विरल निलंबनाची हवी असलेली संहती सं२ व त्याचे एकूण घनफळ घ२ मानल्यास,

सं१ × घ१ = सं२ × घ२

हे समीकरण मिळते. यातील कोणत्याही तीन राशी ज्ञात असल्या म्हणजे चौथी काढता येते. सं१ ÷ सं२ या गुणोत्तरास विरलन गुणक म्हणतात. दोन्ही बाजूंची एकके एकच असली पाहिजेत. एका बाजूस ग्रॅम प्रती लिटर व दुसऱ्या बाजूस टक्के, किंवा एका बाजूस लिटर व दुसऱ्या बाजूस मिलिलिटर घेतल्यास उत्तर चुकते.

घ२ हे विरल निलंबनाचे एकूण घनफळ आहे, मिसळावयाच्या पाण्याचे नव्हे. मिसळावयाचे पाणी घ२ – घ१ इतके असते. उदा., दर मिलि. मध्ये ६ कोटी बीजाणू असलेल्या निलंबनापासून दर मिलि. मध्ये १ कोटी बीजाणू असलेले ६० मिलि. निलंबन करावयाचे असल्यास घ१ = (१ × ६०) ÷ ६ = १० मिलि. येते. या १० मिलि. मध्ये ५० मिलि. पाणी घातले पाहिजे. त्याऐवजी ६० मिलि. पाणी घातल्यास एकूण घनफळ ७० मिलि. होते आणि संहती सु. ८६ लाखांवर येते, म्हणजे सु. १४ टक्क्यांनी कमी पडते. विरलन गुणक मोठा असल्यास (उदा., ३००) ही चूक नगण्य ठरते, पण तो लहान असताना ती मोठी असते. म्हणून मूळ निलंबन आधी मोजपात्रात घेऊन नंतर ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरण्याची पद्धत अधिक बिनचूक आहे.

भुकटीचे निलंबन : पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या वेष्टनावर क्रियाशील घटकाचे (प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या द्रव्याचे) शेकडा प्रमाण दिलेले असते, उरलेला भाग माती, ओलकारक व विखुरक द्रव्ये यांचा असतो. ८० टक्के गंधक असलेल्या भुकटीपासून मूग किंवा उडीद यांवरील भुरी रोगासाठी ०·२ टक्के गंधकाचे १० लि. (१०,००० मिलि.) निलंबन करावयाचे असल्यास लागणारी भुकटी (०·२ × १०,०००) ÷ ८० = २५ ग्रॅ. येते. १५ लि. च्या पंपास हे प्रमाण ३७·५ ग्रॅ. होते. येथे भुकटीचे स्वतःचे घनफळ पाण्याच्या मानाने फारच थोडे असल्यामुळे ते सोडून देतात.

शिफारशीतील टक्केवारी क्रियाशील घटकाची आहे की बाजारात मिळणाऱ्या भुकटीची, हे आधी पाहणे आवश्यक असते. ५० टक्क्यांच्या कॉपर ऑक्सिक्लोराइडची २५ ग्रॅ. भुकटी १० लि. पाण्यात घेतल्यास भुकटीच्या हिशेबाने संहती ०·२५ टक्के, तर क्रियाशील घटकाच्या हिशेबाने ०·१२५ टक्के असते. एका हिशेबाची टक्केवारी दुसऱ्या हिशेबाची समजल्यास मात्रा दुप्पट किंवा निमपट होते. ५ टक्के निंबोळी अर्क ही संज्ञा याहून वेगळी आहे. ५ किग्रॅ. निंबोळ्यांची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून तो अर्क १०० लि. पर्यंत वाढवितात, येथील ५ टक्के हे निंबोळ्यांच्या वजनाचे प्रमाण आहे, त्यांतील कीटकरोधक द्रव्याचे नव्हे. निंबोळ्या जुन्या वा बुरशी आलेल्या असल्यास गणित बरोबर असूनही अर्क दुर्बल ठरतो.

कणांच्या संख्येवरून विरलीकरण : सजीवांच्या निलंबनात वजनाऐवजी कणांची संख्या महत्त्वाची असते. हरभऱ्यावरील घाटे अळी व तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी (दोन्ही हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या एकाच जातीच्या) यांसाठी एच. ए. एन. पी. व्ही. या नावाने ओळखला जाणारा व्हायरस वापरतात. रोगाने मेलेल्या अळ्यांच्या शरीरात या व्हायरसाचे बहुतलीय पिंड फार मोठ्या संख्येने तयार होतात व त्या पिंडांचेच निलंबन फवारले जाते. त्याची मात्रा ‘अळी-समतुल्य’ या एककात देण्याची पद्धत आहे. १ अळी-समतुल्य म्हणजे ६०० कोटी पिंड होत. हरभऱ्यावर हेक्टरी २५० अळी-समतुल्य, म्हणजे १,५०,००० कोटी पिंड फवारावयाचे व त्यासाठी ५०० लि. पाणी वापरावयाचे असे ठरविल्यास फवाऱ्याची संहती दर मिलि. मध्ये ३० लाख पिंड इतकी हवी. मूळ निलंबनात दर मिलि. मध्ये १०० कोटी पिंड असल्यास १५ लि. च्या पंपासाठी (३० लाख × १५,०००) ÷ १०० कोटी = ४५ मिलि. व हेक्टरी १,५०० मिलि. निलंबन लागते. तेच मूळ निलंबन दर मिलि. मध्ये ६०० कोटी पिंडांचे असल्यास पंपास ७·५ मिलि. व हेक्टरी केवळ २५० मिलि. पुरते. म्हणून ‘हेक्टरी इतके मिलि.’ ही शिफारस बाटलीवरील संहती पाहिल्याशिवाय एका उत्पादनावरून दुसऱ्यास लावता येत नाही.

मोजणी : मूळ निलंबनाची संहती माहीत नसल्यास ती प्रथम मोजावी लागते. सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांना रोग उत्पन्न करणारे मेटारायझियम रिलेयी (पूर्वीचे नाव नोमुरिया रिलेयी), तसेच बिव्हेरिया बॅसियाना या कवकांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्यासाठी रक्तातील कोशिका मोजण्याकरिता बनविलेली काचेची मोजपट्टी वापरतात. तिच्यावर १ मिमी. बाजूचे चौरस कोरलेले असून आच्छादक काच व पट्टी यांमधील अंतर ०·१ मिमी. असते. त्यामुळे एका चौरसावरील द्रवाचे घनफळ ०·१ घ. मिमी., म्हणजे मिलिलिटरच्या दहा हजाराव्या भागाइतके येते. चौरसातील सरासरी बीजाणूंना १०,००० ने गुणले म्हणजे दर मिलि. मधील संख्या मिळते. दाट निलंबनात बीजाणू एकमेकांवर येऊन मोजता येत नाहीत, म्हणून आधी ते विरल करतात व अखेरीस विरलन गुणकाने गुणतात. उदा., १०० पट विरल केलेल्या निलंबनात दर चौरसात सरासरी ६० बीजाणू आढळल्यास मूळ संहती ६० × १०,००० × १०० = ६ कोटी प्रती मिलि. ठरते.

कण द्रवात यदृच्छया विखुरलेले असल्यामुळे एकाच निलंबनाच्या दोन मोजण्या सारख्या येत नाहीत. मोजलेल्या एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता स्वाभाविक असते. एकूण १०० बीजाणू मोजल्यास ती १०, म्हणजे १० टक्के. ४०० मोजल्यास २०, म्हणजे ५ टक्के होते. म्हणून एका चौरसावर न थांबता अनेक चौरस मोजून सरासरी घेतात. मोजणीतील ही अनिश्चितता पुढील सर्व विरलीकरणात तशीच उतरते. पाणी कितीही काटेकोरपणे मोजले तरी ती कमी होत नाही.

क्रमवार विरलीकरण : विरलन गुणक फार मोठा असल्यास एकाच टप्प्यात विरलीकरण करणे अवघड असते, कारण मूळ निलंबनाचा अगदी लहान थेंब बिनचूक मोजता येत नाही. अशा वेळी १ मिलि. निलंबन ९ मिलि. निर्जंतुक पाण्यात मिसळून दसपट विरल करतात, त्यातील १ मिलि. पुन्हा ९ मिलि. पाण्यात मिसळतात आणि ही क्रिया हवी तितक्या वेळा करतात. सहा नळ्यांनंतर विरलन गुणक १० लाख होतो. कडधान्यांच्या बियाण्यास चोळावयाच्या ऱ्हायझोबियम जंतुसंवर्धकाची तपासणी या पद्धतीने करतात. सहाव्या नळीतील १ मिलि. निलंबन पोषक माध्यमावर पसरले असता १२० वसाहती उगवल्या, तर मूळ द्रवात दर मिलि. मध्ये १२ कोटी जिवंत जंतू होते असे ठरते. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ मधील मानकानुसार द्रवरूप संवर्धकात दर मिलि. मध्ये किमान १० कोटी व भुकटीरूप संवर्धकात दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जंतू असावे लागतात. त्यामुळे हे संवर्धक मानकात बसते. बशीवर ३० ते ३०० वसाहती येतील असाच टप्पा मोजणीसाठी निवडतात. त्याहून कमी वसाहतींत यदृच्छेचा भाग फार मोठा असतो, तर त्याहून जास्त वसाहती एकमेकींत मिसळतात.

प्रत्येक टप्प्यातील चूक पुढील टप्प्यांत साठत जाते. दर वेळी ३ टक्के द्रव कमी घेतला गेल्यास चार टप्प्यांनंतर संहती सु. ११ टक्क्यांनी कमी भरते. दर टप्प्यास नवी नलिका न वापरल्यास आधीच्या दाट निलंबनाचे कण तिच्या आतील बाजूस चिकटून पुढे जातात व संहती वाढते. प्रत्येक नळी चांगली घुसळल्यानंतरच तिच्यातील भाग पुढील नळीसाठी घेतात.

कणांचे तळाशी बसणे : वरील सर्व गणितात निलंबन सर्वत्र सारखे आहे, असे गृहीत धरलेले आहे. हे गृहीत किती वेळ टिकते याचा अंदाज जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून येतो. त्यानुसार द्रवातून खाली जाणाऱ्या लहान गोल कणाचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या आणि कण व द्रव यांच्या घनतांतील फरकाच्या सम प्रमाणात, तर द्रवाच्या श्यानतेच्या (दाटपणाच्या) व्यस्त प्रमाणात असतो. गंधकाची घनता पाण्याच्या सु. दुप्पट आहे. त्याचा १० मायक्रॉन व्यासाचा कण २०° से. तापमानाच्या पाण्यात मिनिटास सु. ३·५ मिमी. खाली जातो. पंप पाऊण तास तसाच ठेवला, तर त्यातील वरचा सु. १५ सेंमी. जाडीचा थर अशा कणांपासून जवळजवळ मोकळा होतो. ५ मायक्रॉन व्यासाच्या कणाचा वेग याच्या एक-चतुर्थांश असतो. कवकाचा ३ मायक्रॉन व्यासाचा सुटा बीजाणू पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे तासाभरात जेमतेम २ मिमी. खाली जातो, परंतु अनेक बीजाणूंचा दहापट व्यासाचा पुंजका झाल्यास तो शंभरपट वेगाने खाली जातो.

पंपातील द्रव तळाजवळून खेचला जात असल्याने न ढवळलेल्या पंपातून आधी दाट व नंतर विरल फवारा बाहेर पडतो. एकूण भुकटी बरोबर मोजलेली असूनही शेताच्या सुरुवातीच्या ओळींतील पाने करपतात व शेवटच्या ओळींत कीड शिल्लक राहते. बादलीत कालवून ठेवलेले दाट निलंबन प्रत्येक पंपासाठी मापाने घेताना ते न ढवळल्यास पहिल्या व शेवटच्या पंपांच्या संहतींत असाच फरक पडतो. याउलट विद्रावाच्या बाबतीत एकदा नीट मिसळल्यावर पुन्हा ढवळण्याची गरज नसते.

पुंजके होणे : कोरडी भुकटी एकदम पुष्कळ पाण्यात टाकल्यास तिच्या गुठळ्या होतात व त्यांच्या आतील भाग कोरडाच राहतो. म्हणून भुकटी प्रथम थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवून, ती गाळून नंतर ढवळत ढवळत पूर्ण पाण्यात मिसळतात. अनेक कवकांचे बीजाणू पाण्याने सहज भिजत नाहीत. ते पृष्ठभागावर तरंगतात किंवा एकमेकांना चिकटतात. त्यासाठी पृष्ठताण कमी करणारे ओलकारक द्रव्य अत्यल्प प्रमाणात घालतात. परभणी जिल्ह्याप्रमाणे बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी दुष्फेन (कठीण) असते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे काही निलंबनांतील कण एकत्र येऊन लवकर तळाशी बसतात. म्हणून फवारणीपूर्वी थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवून पाहणे उपयुक्त असते. पुंजके झालेल्या निलंबनात द्रव्याचे वजन तेवढेच राहते, पण स्वतंत्र कणांची संख्या घटते व पानावर ते सारखे पसरत नाहीत.

संहती व हेक्टरी मात्रा : पिकावर पडणारी एकूण मात्रा ही फवाऱ्याची संहती व हेक्टरी वापरलेले पाणी यांच्या गुणाकाराइतकी असते. साध्या हातपंपाने हेक्टरी ५०० लि. पाणी लागत असेल, तर १० लि. पाण्यास २५ ग्रॅ. या प्रमाणात हेक्टरी १,२५० ग्रॅ. भुकटी पडते. इंजिनावर चालणारा पंप बारीक थेंब उडवितो व पाणी कमी वापरतो. त्याने पाण्याचे प्रमाण एक-तृतीयांशावर येत असेल, तर तीच हेक्टरी मात्रा राखण्यासाठी संहती तिप्पट, म्हणजे १० लि. पाण्यास ७५ ग्रॅ. ठेवावी लागते. मात्र पाणी कमी न करता केवळ प्रमाण तिप्पट केल्यास हेक्टरी ३,७५० ग्रॅ. भुकटी पडते. म्हणून स्वतःच्या पंपाने व चालण्याच्या वेगाने किती पाणी लागते, हे आधी साध्या पाण्याने तपासतात. १ आर (१०० चौ. मी.; सु. १ गुंठा) क्षेत्रास ५ लि. पाणी लागल्यास हेक्टरी ५०० लि. लागेल.

लहान क्षेत्रासाठी शेवटच्या अपुऱ्या पंपाचा हिशेब वेगळा करतात. वर सांगितलेले व्हायरसाचे निलंबन ०·२ हेक्टर (अर्धा एकर) हरभऱ्यावर फवारण्यासाठी १०० लि. पाणी, म्हणजे १५ लि. चे सहा पंप व एक १० लि. चा पंप लागतो. पहिल्या सहांत प्रत्येकी ४५ मिलि. व शेवटच्यात ३० मिलि. मूळ निलंबन घातले म्हणजे एकूण ३०० मिलि. होते. हेक्टरी १,५०० मिलि. च्या एक-पंचमांशाशी ते जुळते. गणित तपासण्याची ही सोपी रीत आहे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी हा व्हायरस निष्क्रिय होत असल्यामुळे फवारणी सायंकाळी करतात; निलंबन उरू नये म्हणून लागेल तेवढेच तयार करतात.

चुकांचे परिणाम : संहती कमी पडल्यास काही किडी जगतात, त्यांतील अधिक सोशिक किडींची संतती पुढे वाढते आणि खर्च होऊनही पीक वाचत नाही. संहती जास्त झाल्यास पाने करपतात, उपयुक्त कीटक मरतात, धान्यात व चाऱ्यात विषारी अवशेष राहतात आणि फवारणी करणाऱ्यास विषबाधेचा धोका वाढतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. अनेक कीटकनाशकांचे एकत्र मिश्रण, डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात केलेली फवारणी व संरक्षक साधनांचा अभाव यांची त्या वेळी कारणे म्हणून चर्चा झाली. विरलीकरणाचे गणित बरोबर असल्याने हे सर्व धोके टळतात असे नाही. परंतु वेष्टनावर हेक्टरी मात्रा व पाण्याचे प्रमाण छापलेले असते. त्याहून दाट निलंबन करणे हे या धोक्यांत भर घालते. दाट निलंबन हाताळण्याची वेळ मिसळण्याची असते व त्या वेळी अंगावर उडालेल्या एका थेंबात फवाऱ्याच्या एका थेंबाच्या कित्येक पट द्रव्य असते. म्हणून हातमोजे व तोंडावरील आच्छादन फवारणीइतकेच मिसळतानाही वापरतात, मोजण्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळी ठेवतात आणि निलंबन हाताने न ढवळता काठीने ढवळतात.